रॉबर्ट गिलमोर लेटर्नो

रॉबर्ट गिलमोर लेटर्नो (३० नोव्हेंबर, इ.स. १८८८ - १ जून, इ.स. १९६९) हे अमेरिकन यंत्रसंशोधक, कंत्राटदार आणि कारखानदार होते. माती खोदणाऱ्या व वाहून नेणाऱ्या अवजड यंत्रांच्या विकासातील त्यांचे कार्य मूलभूत मानले जाते. आर.जी. लेटर्नो या संक्षिप्त नावाने ते अधिक ओळखले जातात. पूर्णपणे वेल्डिंगने जोडलेला स्क्रेपर, अवजड यंत्रांवरील रबरी टायर, स्वयंचलित स्क्रेपर, विजेवर फिरणारे चाक आणि समुद्रातील तेलविहिरींसाठी उचलता येणारा फलाट ही त्यांची महत्त्वाची कामे होत. त्यांच्या नावावर २९९ पेटंटे आहेत.

लेटर्नो यांचे औपचारिक शिक्षण शाळेतच सुटले होते. त्यांनी कामाची सुरुवात ओतशाळेत आणि दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये केली. मोडलेला किंवा झिजलेला भाग कापून काढायचा आणि त्या जागी नवे पोलाद वेल्डिंगने बसवायचे, ही दुरुस्तीची पद्धत त्यांनी नवी यंत्रे बांधण्यासाठी वापरली. त्या काळी अवजड यंत्रे ओतीव भाग आणि रिव्हेट यांनी बनत असत. आज खाणीत वा रस्त्याच्या कामावर एक्स्कॅव्हेटर आणि लोडर यांच्या झिजलेल्या बकेटांची दुरुस्ती जागेवरच करता येते, त्यामागे यंत्रे पोलादी पत्र्यापासून वेल्डिंगने बांधण्याची हीच परंपरा आहे.

जन्म व बालपण

लेटर्नो यांचा जन्म अमेरिकेच्या व्हर्मॉन्ट राज्यातील रिचफोर्ड या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब मिनेसोटातील डुलुथ येथे आणि तेथून ओरेगनमधील पोर्टलंड येथे स्थलांतरित झाले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. इ.स. १९०२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आईवडिलांच्या संमतीने त्यांनी शाळा सोडली.

पोर्टलंड येथील ईस्ट पोर्टलंड आयर्न वर्क्स या ओतशाळेत ते उमेदवार म्हणून लागले. साचे तयार करणे, वितळलेले लोखंड ओतणे आणि यंत्रावर भाग घडवणे ही कामे त्यांनी तेथे शिकून घेतली. याच काळात पत्राद्वारे शिक्षण देणाऱ्या संस्थेचा यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांच्या हाती आला. त्यांनी तो वाचून काढला, परंतु त्यातील स्वाध्याय त्यांनी कधीच पूर्ण केले नाहीत.

पोर्टलंडहून ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तेथील येर्बा ब्युएना वीजकेंद्रात काम करताना त्यांचा वेल्डिंगशी पहिल्यांदा परिचय झाला. विजेचा प्रत्यक्ष वापर कसा होतो हेही त्यांना तेथेच कळले. वेल्डिंग आणि वीज हे दोन विषय त्यांच्या पुढील सर्व संशोधनात एकत्र आलेले दिसतात.

स्टॉकटन येथील गॅरेज आणि कर्ज

इ.स. १९०९ मध्ये लेटर्नो कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे आले. लाकूडतोड, शेतमजुरी, खाणकाम, सुताराच्या हाताखालील काम अशी अनेक कामे त्यांनी या काळात केली. इ.स. १९११ मध्ये ते स्टॉकटनमधील सुपीरियर गॅरेजमध्ये लागले आणि पुढे त्या व्यवसायाचे निम्मे मालक झाले. मोटारींची अंतर्गत रचना त्यांनी येथे शिकून घेतली.

इ.स. १९१७ मध्ये त्यांचा विवाह एव्हलिन पीटरसन यांच्याशी झाला. एव्हलिन यांच्या वडिलांचा या विवाहाला विरोध होता, त्यामुळे दोघांनी घरातून निघून जाऊन लग्न केले. त्याच सुमारास अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मोटारशर्यतीतील अपघातात लेटर्नो यांच्या मानेला इजा झालेली असल्याने त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्याऐवजी ते व्हॅलेहो येथील मेअर आयलंड या नौदलाच्या गोदीत देखभाल विभागात रुजू झाले. जहाजांच्या दुरुस्तीत त्यांचा वेल्डिंगचा हात बसला आणि विद्युत यंत्रांचे शिक्षणही मिळाले.

युद्धाचा शेवट त्यांच्यासाठी कठीण ठरला. इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात, इ.स. १९१९ मध्ये, त्यांचे पहिले अपत्य तान्हेपणीच दगावले. स्टॉकटनला परतल्यावर गॅरेजचा व्यवसाय बुडाल्याचे त्यांना दिसले आणि कर्जाचा मोठा भार त्यांच्यावर आला. हे कर्ज फेडण्यासाठी मिळेल ते दुरुस्तीचे काम त्यांनी स्वीकारले.

मातीकामाची सुरुवात

अशाच एका कामात त्यांच्याकडे होल्ट कंपनीचा साखळपट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी आला. ट्रॅक्टर चालू झाल्यावर त्याच्या मालकाने त्यांना ४० एकर जमीन सपाट करण्याचे काम दिले. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या स्क्रेपरने ही जमीन सपाट करताना त्यांना या कामाची गोडी लागली. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी एक जुना होल्ट ट्रॅक्टर विकत घेतला आणि भाड्याच्या स्क्रेपरवर जमीन सपाटीकरणाची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली.

स्क्रेपर म्हणजे चाकांवर ठेवलेली पोलादी पेटी असते. तिच्या तळाच्या पुढच्या बाजूला धारदार पाते बसवलेले असते. पेटी खाली टेकवून पुढे ओढली की पाते जमिनीचा पातळ थर सोलते आणि माती पेटीत चढते. पेटी भरली की ती उचलून माती हव्या त्या ठिकाणी नेऊन पसरतात. त्या काळी ट्रॅक्टर चालवण्यास एक माणूस आणि स्क्रेपरची पेटी वरखाली करण्यास दुसरा माणूस लागत असे. लेटर्नो यांनी स्क्रेपरवर विजेच्या मोटरी बसवल्या. त्यामुळे ट्रॅक्टरवर बसलेला एकच माणूस दोन्ही कामे करू लागला.

मे १९२१ मध्ये त्यांनी स्टॉकटनमध्ये जागा घेऊन स्वतःची कार्यशाळा उभारली. दिवसा मातीकाम करायचे आणि त्यात जे मोडेल ते कार्यशाळेत सुधारायचे, असा त्यांचा क्रम होता. आपणच बनवलेले यंत्र आपणच चालवत असल्याने कोणता भाग कोठे तुटतो, कोठे वाकतो आणि कोणत्या ठिकाणी माती घासून पोलाद पातळ होते, हे त्यांना प्रत्यक्ष दिसत असे.

वेल्डिंगने बांधलेले यंत्र

सन १९२० नंतरच्या दशकात अवजड यंत्रांचे सांगाडे सामान्यतः ओतीव लोखंडाचे किंवा रिव्हेटने जोडलेल्या पत्र्यांचे असत. ओतीव भाग जड व ठिसूळ असे. तो तडकला तर नवा साचा करून नवा भाग ओतावा लागे. रिव्हेटच्या जोडासाठी पत्रे एकमेकांवर चढवावे लागत, त्यांना भोके पाडावी लागत आणि सतत बसणाऱ्या धक्क्यांनी रिव्हेट सैल होत. वेल्डिंग तेव्हा मुख्यतः दुरुस्तीचे साधन समजले जाई. उघड्या तारेने केलेल्या आर्क वेल्डिंगमध्ये हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरत आणि जोड ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी इ.स. १९०७ मध्ये लेप दिलेल्या इलेक्ट्रोडचे पेटंट घेतले होते, पण असे इलेक्ट्रोड सर्वत्र वापरात येण्यास वेळ लागला. त्यामुळे ज्यावर मोठा भार येतो असे संपूर्ण यंत्र केवळ वेल्डिंगवर उभे करण्यास बहुतेक अभियंते तयार नव्हते.

लेटर्नो यांनी इ.स. १९२२ मध्ये पूर्णपणे वेल्डिंगने जोडलेला स्क्रेपर बनवला. तो गोंडोला या नावाने ओळखला जातो. रिव्हेटसाठी लागणारे चढते पत्रे व जाड ओतीव भाग नसल्याने त्याचे वजन कमी झाले आणि तेवढ्याच ओढीत अधिक माती वाहता येऊ लागली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या बळावर चालणारा स्क्रेपर बनवला. त्यात एकात एक सरकणाऱ्या पेट्यांची रचना होती. एक पेटी भरली की ती मागे सरके आणि पुढची भरू लागे. त्यामुळे आत येणाऱ्या मातीला आधीच भरलेली सगळी माती रेटावी लागत नसे.

पोलादी पत्रे व कोनपट्ट्या कापून त्यांपासून पोकळ चौकोनी तुळया वेल्डिंगने बनवणे ही त्यांची आणखी एक ठळक पद्धत होती. अशी तुळई वजनाला हलकी असूनही पीळ चांगला सहन करते. आजच्या एक्स्कॅव्हेटरचा बूम व भुजा यांची रचनाही याच प्रकारची, म्हणजे पत्र्यांपासून वेल्डिंगने बनवलेल्या पोकळ पेटीसारखी असते.

या पद्धतीत आराखडा बदलणे सोपे होते. एखादा भाग कमकुवत ठरला तर साचा बदलण्याची गरज पडत नसे. ज्योतीने तो भाग कापून काढायचा, तेथे अधिक जाड पत्रा वेल्ड करायचा आणि यंत्र पुन्हा कामावर धाडायचे. लेटर्नो यांची अनेक यंत्रे कागदावरील पूर्ण आराखड्यापेक्षा अशा दुरुस्त्यांतूनच आकाराला आली.

कंत्राटदार ते कारखानदार

इ.स. १९२८ मध्ये लेटर्नो यांनी ट्रॅक्टरच्या मागे बसवायचे, तारदोराने चालणारे नियंत्रण-यंत्र तयार केले. त्याने स्क्रेपर तसेच बुलडोझरचे पाते वरखाली करता येई. इ.स. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात आर.जी. लेटर्नो इन्कॉर्पोरेटेड या कंपनीची नोंदणी झाली.

कंपनीने नेव्हाडातील हूवर धरणाकडे जाणारा बोल्डर महामार्ग तसेच कॅलिफोर्नियातील मेरिसव्हिलचे पूरबंधारे आणि न्यूहॉल कटऑफ रस्ता अशी कामे केली. बोल्डर महामार्गाच्या कामात अंदाजापेक्षा कठीण खडक लागला आणि कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला. या तोट्याने ते पुन्हा कर्जात सापडले. मात्र त्यांच्या यंत्रांना इतर कंत्राटदारांकडून मागणी वाढत होती. इ.स. १९३३ मध्ये त्यांनी कंत्राटे घेणे थांबवले आणि केवळ यंत्रनिर्मितीवर लक्ष केंद्रित केले.

याच काळात त्यांनी अवजड स्क्रेपरला पोलादी चाकांऐवजी हवेचे रबरी टायर लावले. मऊ जमिनीत रुतणारी पोलादी चाके ट्रॅक्टरची बरीच शक्ती खात असत. रबरी टायरमुळे ही अडचण कमी झाली आणि यंत्राचा वेग वाढवणे शक्य झाले. इ.स. १९३५ मध्ये इलिनॉयमधील पिओरिया येथे आणि इ.स. १९३८ मध्ये जॉर्जियातील टोकोआ येथे कंपनीचे कारखाने सुरू झाले. इ.स. १९३७ मध्ये मोटार अपघातात लेटर्नो गंभीर जखमी झाले. तशा अवस्थेतही त्यांनी कारखान्यातील कामावर देखरेख चालू ठेवली.

इ.स. १९३८ मध्ये टर्नापुल हे यंत्र बाजारात आले. दोन चाकांचा वेगवान ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला स्क्रेपर अशी त्याची रचना होती. साखळपट्ट्याच्या ट्रॅक्टरची गरज यात उरली नाही. आजचे स्वयंचलित स्क्रेपर याच रचनेचे वंशज आहेत.

दुसरे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्या, रस्ते आणि तळ कमी वेळात उभारणे ही सैन्याची निकड होती. दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांनी वापरलेल्या मातीकामाच्या यंत्रांपैकी सुमारे ७० टक्के यंत्रे लेटर्नो यांच्या कारखान्यांतून आली, असे मानले जाते. अलास्का महामार्गाच्या बांधणीत आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवरील विमानतळांच्या कामात त्यांचे स्क्रेपर वापरले गेले. वाढत्या मागणीमुळे ऑस्ट्रेलियातील रायडलमिअर येथे आणि मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथेही कारखाने काढण्यात आले.

युद्धाच्या अखेरीस टेक्सासमधील लाँगव्ह्यू येथे मोठा कारखाना उभारला गेला. पुढे तेथे कंपनीने स्वतःचे पोलाद बनवण्यासही सुरुवात केली. युद्धोत्तर काळात स्पर्धा वाढली. आतापर्यंत ज्या कॅटरपिलर ट्रॅक्टरांना लेटर्नो यांची अवजारे जोडली जात, त्या कंपनीने स्वतःचे स्क्रेपर व बुलडोझर बनवण्याचा निर्णय घेतला.

झिजलेल्या बकेटची दुरुस्ती

माती आणि खडक यांच्याशी सतत घर्षण होत असल्याने स्क्रेपर, लोडर व एक्स्कॅव्हेटर यांच्या बकेटची झीज अटळ असते. सर्वांत आधी दात व धारेचे पाते झिजते, मग तळाचा पत्रा आणि बाजूंचे कोपरे पातळ होतात. झीज वेळीच थांबवली नाही तर दात बसवण्याचा आधार किंवा बकेटचा सांगाडाच तडकतो. बकेट वेल्डिंगने बांधलेली असल्यामुळे ती पूर्ण बदलावी लागत नाही. झिजलेला भाग काढून त्या जागी नवा बसवता येतो.

जुना जोड किंवा तडा नुसता वरून भरून चालत नाही. तडा मुळापर्यंत कोरून काढावा लागतो, अन्यथा नव्या जोडाखालून तो पुन्हा वर येतो. या कोरण्याला कार्यशाळेत गाउजिंग म्हणतात. यासाठी ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत किंवा कार्बन आर्क वापरतात. कार्बन आर्क गाउजिंगची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. तीत तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या कांडीने आर्क पेटवून धातू वितळवतात आणि कांडीलगत सोडलेल्या दाबाखालील हवेच्या झोताने वितळलेला धातू उडवून लावतात. त्यातून इंग्रजी यू अक्षरासारखी स्वच्छ खाच तयार होते. खाचेच्या पृष्ठभागावर कार्बन शिरलेला कठीण थर राहू शकतो, म्हणून वेल्डिंगपूर्वी तो ग्राइंडरने घासून काढतात.

बकेटचे पोलाद कठीण असल्याने वेल्डिंगपूर्वी ते तापवून घेणे महत्त्वाचे असते. थंड पोलादावर केलेला जोड झपाट्याने निवतो, त्याच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि धातूत अडकलेल्या हायड्रोजनमुळे काही तासांनी किंवा दिवसांनीही तडा जाऊ शकतो. म्हणूनच भट्टीत सुकवलेले, कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड वापरतात. खाच एका जाड थराने न भरता अनेक थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावरील मळी ठोकून काढतात. शेवटी घर्षण होणाऱ्या जागी क्रोमियमयुक्त कठीण धातूच्या पट्ट्या चढवतात. याला हार्डफेसिंग म्हणतात. या पट्ट्यांमधील फटींत माती बसते आणि त्या मातीचाच थर खालच्या पोलादाचे रक्षण करतो.

ओतीव किंवा रिव्हेटने जोडलेल्या बकेटवर असे काम करणे अवघड होते. पत्र्यांपासून वेल्डिंगने यंत्र बांधण्याची पद्धत लेटर्नो यांच्यासारख्या कारखानदारांनी रूढ केल्यावर ज्या साधनांनी यंत्र बनले त्याच साधनांनी ते दुरुस्त करणे शक्य झाले. त्यासाठी दूरच्या कारखान्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली.

उत्तरायुष्यातील संशोधन

इ.स. १९५३ मध्ये लेटर्नो यांनी मातीकामाच्या यंत्रांचा व्यवसाय वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीला विकला. करारानुसार पाच वर्षे त्यांना या क्षेत्रात उतरण्यास बंदी होती. या काळात ते इतर विषयांकडे वळले. समुद्राच्या तळावर पाय टेकवून पाण्याच्या वर उचलता येणारा तेलविहिरीचा फलाट त्यांनी तयार केला. स्कॉर्पियन नावाचा हा फलाट इ.स. १९५६ मध्ये झपाटा ऑफशोअर कंपनीला देण्यात आला. जॉर्ज एच.डब्ल्यू. बुश, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते तेव्हा त्या कंपनीचे प्रमुख होते. फलाटाचे तिन्ही पाय जाळीदार पोलादी रचनेचे होते आणि ते विजेच्या मोटरी व दातेरी चक्रांनी वरखाली होत.

चाकाच्या आतच विजेची मोटर बसवण्याची कल्पना त्यांनी या काळात पुढे नेली. डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि प्रत्येक चाकाला वीज पुरवली जाते, अशी ही योजना होती. अमेरिकी लष्करासाठी त्यांनी रस्ता नसलेल्या भूमीवर चालणाऱ्या महाकाय गाड्या बनवल्या. इ.स. १९६२ मधील अशा एका गाडीला ५४ चाके होती आणि प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर होती. इ.स. १९५८ मध्ये बंदीची मुदत संपताच, वयाच्या सत्तरीत, विद्युत चाकांची यंत्रे घेऊन ते मातीकामाच्या क्षेत्रात परतले. या नव्या यंत्रांपैकी सर्वच व्यापारीदृष्ट्या यशस्वी झाली नाहीत.

शिक्षण व सामाजिक कार्य

लेटर्नो हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि आपल्या उत्पन्नातील ९० टक्के वाटा ते धर्मादाय कार्याला देत. इ.स. १९४६ मध्ये त्यांनी व एव्हलिन यांनी लाँगव्ह्यू येथील लष्कराचे वापरात नसलेले रुग्णालय घेऊन लेटर्नो तंत्रशिक्षण संस्था स्थापन केली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना वर्गातील अभ्यासाबरोबर कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. इ.स. १९६१ मध्ये या संस्थेचे महाविद्यालयात आणि इ.स. १९८९ मध्ये विद्यापीठात रूपांतर झाले. लायबेरिया व पेरू या देशांत त्यांनी १९५० च्या दशकात जंगल साफ करून शेती व वसाहती उभारण्याचे प्रकल्प हाती घेतले. मूव्हर ऑफ मेन अँड माउंटन्स हे त्यांचे आत्मचरित्र इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झाले.

मृत्यू व वारसा

इ.स. १९६६ मध्ये लेटर्नो यांनी कंपनीचे अध्यक्षपद मुलगा रिचर्ड याच्याकडे सोपवले, परंतु संशोधन चालूच ठेवले. मार्च १९६९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची कंपनी इ.स. १९७० मध्ये रोवन कंपनीकडे, इ.स. २०११ मध्ये जॉय ग्लोबलकडे आणि इ.स. २०१७ मध्ये कोमात्सुकडे गेली.

लाँगव्ह्यू येथे बनणारा एल-२३५० हा लोडर जगातील सर्वांत मोठ्या चाकी लोडरांपैकी एक आहे. त्याच्या बकेटमध्ये सुमारे ४० घनमीटर माल मावतो आणि त्याची चाके लेटर्नो यांच्या कल्पनेप्रमाणेच विजेवर फिरतात. एवढी मोठी बकेटही पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडूनच तयार होते. तिचे झिजलेले भागही कापून, कोरून आणि वेल्डिंगने नवे पोलाद चढवून पुन्हा वापरण्याजोगे केले जातात.